फाट्यावर उजवीकडे

मॅडम, मी तुमचा रिक्षावाला. दहिवलीच्या तुमच्या गेटापासून कॉलेजपर्यंत रोज न्यायचो, तो. सध्या गुजरातमध्ये एका बंदरावर ट्रेलर चालवतोय. त्याआधीही कुठे कुठे होतो, टिकलो नाही. शाळा आठवीत सोडली, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुमच्याशीच बोलायची राहिलीय.

कॉम्प्युटरच्या भाषा कशा रचायच्या, ते तुम्ही शिकवायचात. त्या वर्षी पोरांकडून मराठी शब्दांची एक छोटी भाषा करून घेत होतात, आणि वर्गात जे बोलायचं ते आधी माझ्या रिक्षात बोलून बघायचात. एकदा विचारलंत, "पॅसेंजर नुसता 'चल' म्हणाला तर तू काय करतोस?" मी म्हणालो, "तोंड बघतो. हातात पिशवी असली तर बाजार, चेहरा उतरलेला असला तर दवाखाना." तुम्ही मान हलवलीत. "माझी भाषा असा अंदाज घेणार नाही. कळलं नाही तर थांबेल, विचारेल. एकदा सांगितलं की सांगितलं तेवढंच करेल." "मग खड्ड्यात जा म्हटलं तर जाईल?" "जाईल. दोष सांगणाऱ्याचा." "मॅडम, असल्या रिक्षाला धंदा नाय मिळायचा." हसून हसून तुम्हाला चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी म्हणालात, वर्गात तुझंच उदाहरण दिलं, पोरं हसली. "मला हसली का तुमाला?" "दोघांना रे."

थंडीतली ती सकाळ. तुम्ही गेटातून येताय, एक हात छातीवर, आणि कपाळावर घाम. आरशात बघतो तर ओठ पांढरे. "मॅडम, दवाखान्यात घेऊ?" "कॉलेज." पोरांची भाषा त्या दिवशी पहिल्यांदा चालवून दाखवायची होती, बघायला वरचे लोक येणार होते. विषय घ्यायला पोरंच येत नाहीत म्हणून ते तो बंद करायला निघालेले, आणि तुम्ही वर्षभर त्यांच्याशी भांडत होतात. फाट्यावर मी रिक्षा उभीच केली. डावीकडे दवाखाना, उजवीकडे कॉलेज. परत विचारलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "विचारलंस, उत्तर मिळालं. आता चल." मी उजवीकडे वळलो.

कॉलेजात तुम्ही जिना चढून वर्गात गेलात, मी खालीच थांबलो. थोड्या वेळाने पोरांनीच तुम्हाला उचलून खाली आणलं. हॉर्नवरचा हात न काढता मी मागे फिरलो, पण फाटा यायच्या आतच तुमचा हात सीटवरून खाली घसरला. पोरांची भाषा चालली का नाही, ते विचारायचं मला सुचलंच नाही. पुढच्या वर्षी विषय बंद झाला, एवढं कानावर आलं. दवाखान्याच्या पायरीवर तुमच्या मिस्टरांनी विचारलं, "कुठे जायचं म्हणाली होती?" म्हटलं, "कॉलेज." "आणि तू नेलंस." आवाज चढला नव्हता त्यांचा. त्याच आठवड्यात मी रिक्षा मालकाला देऊन टाकली.

तेव्हापासून सगळ्यांना एकच सांगत आलो, मॅडमनी सांगितलं ते केलं, दोनदा विचारून केलं. तुमच्या नियमात ते बसतं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं ते लिहितो. त्या फाट्यावर तुमचा नियम माझ्या डोक्यात नव्हताच. डावीकडे वळलो तर तुम्ही चिडाल आणि उद्यापासून दुसऱ्याच्या रिक्षात बसाल, एवढंच होतं. माझ्याशी तसं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.