मॅकेलरांच्या फोटोतली पणजी

हॅरिस पार्क, सिडनी

प्रिय शोभाताई,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, गुडघाही कमी दुखतो. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

आपली पणजी मुंबईत ज्या स्कॉटिश व्यापाऱ्यांकडे आया होती, ते मॅकेलर पुढे इथेच स्थायिक झाले. महिनाभर मी त्यांचा इतिहास धुंडाळते आहे. जहाजांची, घोड्यांची, सगळ्यांची नावं मिळतात. पणजीचा पत्ता नाही. अगदी वीट आला होता.

काल इथल्या लायब्ररीत त्यांचा एक फोटो सापडला. मांडीवर गोरं बाळ घेऊन नऊवारीतली बाई बसली आहे, पायाशी दोन कुत्री. हनुवटी थेट आईची! खाली बाळाचं नाव, दोन्ही कुत्र्यांची नावं आणि शेवटी नुसतं ‘आया’.

मी चिडून लायब्ररीतल्या बाईंना म्हटलं, "ही माझी पणजी आहे. हिचं नाव लिहा."

त्यांनी लगेच पेन्सिल उचलली. "नो वरीज. काय नाव?"

ताई, मला सांगता येईना. आई तिला ‘आजी’ म्हणायची, आपण ‘पणजी’. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी पाठ करून घेतलेल्या स्कॉटलंडच्या नद्या मात्र अजून घडाघडा येतात.

तुला तरी माहीत आहे ना गं? तुझं उत्तर येईपर्यंत जागा मोकळी ठेवायला सांगितलं आहे.

तुझीच,
सुमेधा