ब्रेक ओरडू नये म्हणून

मुरुम,
एप्रिल १९८६

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही. रागावू नकोस. हात मोकळे नव्हते, आणि असते तरी सध्या एका जागी बसणं मला जमत नाही. हे लिहितानाही मध्येच उठले, अंगणात गेले आणि जीपच्या चाकावर हात ठेवून परत आले. काही कारण नव्हतं. तुला हसू येईल, पण जीपचे पुढचे ब्रेक मी घरी, स्वतःच्या हातानं बदलले आहेत. ड्रमसुद्धा नवे घातले. नखांतला काळेपणा अजून गेलेला नाही, तेव्हा कागदावर डाग दिसला तर तो ब्रेकचा समज. शिवगंगाकडं जायचं आहे. माझ्या लेकीच्या घरी काहीतरी ठीक नाही असं मन कधीपासून सांगत होतं, आणि मी मनाला गप्प बसवत होते.

इकडचं तुला पेपरात दिसत असेलच. पावसानं पुन्हा तोंड फिरवलं. विहिरींचे तळ उघडे पडलेत, जनावरं छावणीला गेलीत, माणसं रोजगार हमीच्या खडीवर. ह्यांची दूध सोसायटी नावाला उरली आहे. हे अजून रोज सकाळी कार्यालय उघडून रिकाम्या कॅनसमोर चेअरमनसारखे बसतात. दूध नाही म्हणजे जीपलाही काम नाही. ही जीप ह्यांनी लिलावात घेतलेलं जुनं सरकारी धूड आहे. चालवते मी, कारण बोलायला लागले की ह्यांना गिअर बदलायचं भान राहत नाही, आणि हे कायम बोलत असतात. तिचा ब्रेक असा ओरडायचा की कुत्री पळून जायची. औरंगाबादची आपली भाड्याची सायकल आठवते? तिचा ब्रेक दाबला की होस्टेलच्या रेक्टरबाई खिडकीत हजर, म्हणून तू मागं बसून चपलेनं चाक थांबवायचीस. वर्षभर तुझ्या चपलांना टाचा नव्हत्या. तसाच हा आवाज, पण त्याच्या दसपट.

संक्रांतीनंतर मी शिवगंगाला भेटून आले. येरमाळ्याच्या अलीकडं, मैलभर उताराच्या पायथ्याशी तिचं सासर. उतार संपतो तिथंच दार, त्यामुळं ब्रेक वरूनच धरावा लागतो. मी पोहोचले तेव्हा ती ओसरीवर बसलेली होती. अंगावर कोरं लुगडं, दुकानातल्या घड्या अजून तशाच उभ्या. हातात दुधाचा पेला. मी तिला काही विचारलं की उत्तर माझी विहीण चन्नम्मा द्यायची. जेवतेस ना? ‘जेवती की! दोन भाकरी खाती.’ झोप लागते? ‘झोपली की उठवावं लागतंय.’ मी विहिणीकडं पाहून म्हटलं, तुमची नाही, तिची विचारतेय. त्यावर त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बोलणं तिथंच संपलं. निघताना शिवगंगा जीपपर्यंत आली. बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, ‘अव्वा, ब्रेक लई वरडतोय बघ. नीट करून घे, मगच ये.’ तिचा तळहात सोलवटलेला दिसला. दुष्काळात कुणाचे हात मऊ असतात, असं म्हणून मी गाडी सुरू केली. पोरीला आपली काळजी आहे, घाट-उतार आहेत, याचं मला वाटेत बरंही वाटलं.

इथल्या स्टँडजवळच्या गुलाब मिस्त्रीला जीप दाखवली. तो चहा पीत म्हणाला, ‘बाई, म्हातारी झाली ती. म्हातारं माणूस बसता-उठता कण्हणारच की.’ मला त्या उत्तराचा राग आला. मीही पन्नाशी ओलांडली आहे आणि अजून कण्हत नाही. उमरग्याहून नवे ड्रम आणि त्यांना आतून दाबून चाक थांबवणारे कमानीसारखे शू आणले, जीपबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं, मागच्या चाकांना दगड लावले आणि जॅक चढवला. जुना ड्रम गंजून असा बसला होता की लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारत राहावं लागलं. आत पाहिलं तर शूवरचं लायनर, म्हणजे घासणारी पट्टी, झिजून रिबिटं वर आलेली, आणि ड्रमला नांगरटीसारख्या रेघा. लोखंडावर लोखंड घासत होतं, ओरडणार नाही तर काय करणार? धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसून काढली. नव्या ड्रमला गंज धरू नये म्हणून दुकानातून तेलाचा हात दिलेला असतो. तो पेट्रोलनं पुसला. लायनरच्या दोन्ही कडा कानशीनं किंचित तिरप्या केल्या, कारण धारदार कडेनं नवं लायनरही किंचाळतं. शू मागच्या पत्र्यावर जिथं टेकतो तिथं टिकलीएवढं ग्रीस लावलं. स्प्रिंग चढवताना अंगठा चेमटला. मग मी हात धुऊन दोन घास खायला आत गेले.

तेवढ्यात घात झाला. ह्यांचं सगळं आयुष्य बैलगाडीत गेलं. गाडीचा आस कुरकुरला की वंगण, मोटेचं चाक कुरकुरलं की तेल, दाराची बिजागरी वाजली की एरंडेल. ह्यांच्या लेखी आवाजाला दुसरं औषध नाही. मी टिकलीएवढं ग्रीस लावताना ह्यांनी पाहिलं आणि ह्यांना तो माझा कंजूषपणा वाटला. बाटलीभर एरंडेल दोन्ही शूंना वरपासून खालपर्यंत चोळलं, वर ड्रम बसवले, चाकं आवळली आणि विभूती लावून हात जोडले. मी खुशीत जीप काढली. वेशीच्या उतारावर पाय दाबला. मुक्ता, आवाज अजिबात नव्हता. ब्रेकही नव्हता; मागचे एकटे पुरे पडेनात. जीप सरळ उकिरड्यात घुसली तेव्हा थांबली. मी डोक्यावरचा पाचोळा काढतेय आणि हे मागून धोतर सावरत पळत येऊन विचारतात, ‘आवाज तर गेला का न्हाई?’

तेल प्यालेलं लायनर पुन्हा कामाचं राहत नाही. चडफडत दुसरे शू आणायला एसटीनं उमरग्याला गेले, आणि येताना शेजारी बनाबाई बसली. ती शिवगंगाच्या गावची, तिच्या सासरच्या मळ्यात कामाला जाते, पाहुण्यांकडं निघालेली. पिशवीतून शू डोकावत होते. तिनं काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. ती एकदम खूश झाली. ‘बरं झालं बाई! तुमची जीप उताराला वरडली की तुमची इहीण हाळी देती, आली गं तिची माय. मग पोरीला परसातल्या हिरीतनं वर वढत्यात, तोंड धुवाया लावत्यात, कोरं लुगडं निसाया देत्यात. तुमी दारात येस्तवर समदं झ्याक.’ मी विचारलं, विहिरीतून म्हणजे? ती म्हणाली, ‘तळाला वाटीनं पानी भरून घागरी वर द्यायच्या. दोर धरून उतरती ती. दुसरं कोण उतरतंय? पोटुशी हाय तरी सुटका न्हाई. सांगितलं न्हाई व्हय तुमाला?’

नाही, मला कुणीही सांगितलं नव्हतं. आणि सांगितलंही होतं. ‘नीट करून घे, मगच ये.’ चन्नम्मा बाजूला उभी असताना पोरीला बोलता आलं ते एवढंच, आणि मी घाट-उताराचा विचार करत बसले. त्या एसटीत मला वाटत होतं, उतरावं आणि चालत सुटावं. बनाबाईला शपथ घातली, की आपली भेट झालीच नाही. ती म्हणाली, ‘कुठली भेट? मी तर झोपले हुते.’

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ‘बरी हाय म्हणली ना ती’ असं इतके दिवस म्हणणारा माणूस स्वतः उठून एरंडेलाची बाटली माळ्यावर टाकून आला. ह्या खेपेला मी सांगेन तसं ह्यांनी पेडल दाबलं, धरलं, सोडलं, आणि मी नळीतली हवा काढली. एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या संसारात हे प्रथमच घडलं. नवं लायनर बसेपर्यंत जोरात दाबायचं नसतं, म्हणून माळावर हळू चालवत, हळू थांबवत राहिले. शेवटी वेशीत आमचा शेजारी शिवप्पा पाठमोरा विडी ओढत बसला होता, त्याच्या मागं हातभर अंतरावर नेऊन जीप थांबवली. तो वळला नाही. मी खाकरले तेव्हा उडालाच. ‘आवं बाई, मानूस मारता का काय! आवाज तरी करत जावा!’ त्या बोलण्यानं मला आतून जो आनंद झाला तो त्याला काय सांगणार?

उजाडताच निघतो आहोत. उताराच्या तळाशी जीप गपचूप थांबेल आणि शिवगंगा जिथं असेल, जशी असेल, तशी मला दिसेल. घरात कुणाशी वाद घालत बसणार नाही. हे म्हणाले, ‘मी मागं बसतो, पोरीला म्होरं बसू दे.’ मुरुमला तिला आणणार नाही. इथं चार पाहुणे जमतील, तिला समजावतील आणि हेही विरघळतील. सरळ सोलापूरला तुझ्याकडं आणते आहे. तुझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना आधी सांगून ठेव. माझ्या विहिणीकडच्या माणसांना तुझं घर कळलं, तरी तुझ्या ओट्यावर पाय ठेवताना त्यांची जात आडवी येईल. ह्या गोष्टीचा मला जन्मभर संताप आला आहे. आता तिचा उपयोग करून घेते आहे, तू मला ओळखतेस म्हणून स्पष्ट लिहिते. हे पत्र सोलापूरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे, आमच्या आधी ते तुझ्या हातात पडावं. एरवी मी कळवत नाही. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक ओरडला की तू चहा टाकायचीस. आता तो ओरडणार नाही. म्हणून दाराकडं लक्ष ठेव.

अजूनही तुझ्याच चपलांच्या भरवशावर,
तुझीच
शरणम्मा