काचेला टांगलेला डबा

अण्णा, तुमचा तो डबा काल मी माळ्यावरून खाली काढला. आत कोळ्यांनी घर केलंय, दोरी कुजून तुटली आहे, आणि तुम्ही भरलेल्या वाळ्याच्या चार काड्या अजून जाळीत अडकलेल्या आहेत. नाकाशी धरल्या, वास काही आला नाही. इथे सोलापुरात उन्हाळा चढला की दर वर्षी तुमच्याशी भांडायची मला हुक्की येते आणि दर वर्षी मी ती गिळते. या वर्षी म्हटलं, कागदावर तरी भांडून घ्यावं. तुम्ही मध्येच उठून गाडीखाली जाऊन झोपणार नाही, एवढी तरी आता खात्री आहे.

मामा बोटीवरून आला होता तेव्हाची गोष्ट. आखातातल्या कुठल्याशा बंदरात एका साहेबाने गाडी मोडीत काढली, तिचा हा कूलर मामाने उचलून आणला. नळकांड्यासारखा पत्र्याचा डबा. गाडीची काच अर्धी खाली करायची, त्याचं तोंड पुढे करून तो बाहेरून काचेला टांगायचा, पोटात पाणी भरायचं. आतून दोरी ओढली की लाकडाच्या भुशाची गादी पाण्यात भिजते, गाडी धावायला लागली की वारा त्या ओल्या गादीतून आत येतो, आणि मामाच्या शब्दांत, "भर वाळवंटात दातखिळी बसते, भावोजी." तुम्ही त्या डब्याभोवती अशा फेऱ्या मारल्यात की आई म्हणाली, वरमाला आणू का. तुमची भाड्याने चालवायची गाडी म्हणजे सगळ्या रत्नागिरीत खटारा म्हणून प्रसिद्ध. आंब्याचे व्यापारी दुसरं काही मिळालं नाही तरच तिच्यात बसत. त्या खटाऱ्याला हा दागिना मिळाला.

पण पहिल्याच दिवशी तुम्ही, मी आणि मामा हातखंब्यापर्यंत जाऊन आलो आणि डब्यातून आला तो गरम, चिकट वारा. भाताचं झाकण काढल्यावर तोंडावर येतो तसा. मामा ओशाळला. "तिकडे तर चालत होता," एवढंच म्हणत राहिला आणि सुट्टी संपल्यावर बोटीवर निघून गेला. तुम्ही हसलात. तेव्हा तो नुसता खेळ होता, बंद पडला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग आईचे पाय सुजले. आधी पाय, मग तोंड, मग चार पावलं चालली तरी धाप. उन्हं चढली की तिचा जीव घाबरा व्हायचा, पदर सोडून ती पडवीच्या गार जमिनीवर पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या. आणि उठता उठता म्हणाले, एवढा घाट, एवढं ऊन, जपून न्या, उकाडा तिला सोसायचा नाही. त्यांनी ते सहज म्हटलं, कुणीही म्हणेल तसं. तुम्ही मात्र त्यातलं तेवढंच वाक्य घेऊन घरी आलात. त्याच दुपारी डबा फणसाखाली उतरवलात आणि मला म्हणालात, "बाय, हा आधी चालता करूया. मग आईस न्हेऊ, राणीसारखी."

त्यानंतरचे दिवस मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. तुम्ही पाटावर बसलेले आहात, डबा मांडीवर आहे, पान्हे गोणपाटावर ओळीने मांडलेले आहेत. आधी तुम्हाला वाटतं, भुसा जुना झालाय. तो काढून तुम्ही काथ्या भरता. आपण हातखंब्याला जाऊन येतो, वारा गरमच. मग वाटतं, काच आणि डबा यांच्या फटीतून बाहेरची झळ शिरते. तिथे तुम्ही सायकलची जुनी ट्यूब कापून बसवता. वारा गरमच. मग संशय इंजिनावर. तुम्ही इंजिनाला लागून असलेल्या फळीला गोणपाट ठोकता, आणि त्या दिवशी तर आपले पायही भाजतात. पत्र्याला झाळ लावून आणता, खाऱ्या हवेने जाळी बुजली असेल म्हणून ती चिंचेने घासता. एकदा मिरकरवाड्यावर मासळीसाठी आलेल्या बर्फातला तुकडा आणून पोटात घातलात, तेव्हा जातानाच्या वाटेवर खरंच गार वाटलं. तुम्ही स्टिअरिंगवर थाप मारलीत. परत येताना पुन्हा तेच. दर खेपेला तुम्ही मला मागे बसवता, दोरी ओढायला सांगता आणि आरशातून माझ्या तोंडाकडे बघता. मी नाही म्हणून मान हलवली की घरी येताच तुम्ही पुन्हा डबा उतरवता.

आई आतून सगळं ऐकत असायची. एकदा म्हणाली, "अवो, त्या डब्याची नाडी बघताव तेवढी माझी बघा की." तुम्ही हात पुसत आत गेलात, तिच्या उशाशी बसलात आणि म्हणालात, "आता वाळा आणलाय. वाळ्याने होणार." ती हसली. तिला हसायलाही धाप लागायची.

मी तुम्हाला म्हटलं होतं, अण्णा, डबा राहू दे, उद्या पहाटे निघू, मी पंखा घेऊन बसते. तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात तेवढं एकदाच. "वाटेत तिचा काय झाला तर तू उत्तर देणार हायस काय?" मला तुमचा राग आला होता आणि तो अजून येतो, हे आज स्पष्टच लिहिते. तुम्ही आळस केला नाहीत, हयगय केली नाहीत, अन्न गोड लागत नव्हतं तुम्हाला. पण तुम्ही घाबरला होतात. दवाखान्यात काय सांगतील याची तुम्हाला भीती होती, आणि डबा दुरुस्त होत नव्हता तोवर तिथे जावं लागत नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं. कळूनही राग गेला नाही, उलट त्यात दया मिसळली आणि तो जास्तच चिवट झाला.

शेवटी एका पहाटे आईला आडवं होताच येईना, बसून बसून ती निळी पडली, तेव्हा तुम्ही निघालात. डबा गरम वारा सोडत होता तरी तो काचेला टांगलेलाच होता. पाली गेली, साखरपा गेला, ऊन वर आलं. घाटात गाडी तापली. तुम्ही बोनेट उघडलंत, बरोबर घेतलेल्या पिंपातलं निम्मं पाणी तिला पाजलंत आणि उरलेलं डब्यात ओतलंत. आई माझ्या खांद्यावर होती. मी दोरी ओढत होते आणि ओलसर वाफ आमच्या तोंडावर येत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू विरघळून माझ्या बाहीला लागलं होतं.

आंबा गाव मागे पडलं, मग मलकापूरही गेलं. दोन्ही बाजूंना उघडी, पिवळी माळरानं लागली. मी सवयीने दोरी ओढली आणि हाताला गार लागलं. खोटं वाटून पुन्हा ओढली. वारा गार होता, वाळ्याच्या वासाचा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. आईने डोळे उघडले. म्हणाली, "गार लागतंय गो. पदर घाल अंगावर." मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही भर रस्त्यात गाडी उभी केलीत, पण गाडी थांबल्यावर वाराही थांबला, म्हणून पुन्हा चालवलीत आणि एक हात मागे करून डब्याच्या तोंडाशी धरलात. "बसला," तुम्ही म्हणालात. "वाळा बसला आता." मिरजेपर्यंत आई लुगड्यात गुरफटून झोपली होती. तिच्या आजारपणातला तेवढाच प्रवास तिला सुखाचा झाला, हे मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, बाहेर आले आणि विचारलं, आधी का नाही आणलंत? तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होतात. म्हणालात, "गाडीत गारवा नव्हता, साहेब." त्यांना काही कळलं नाही. आधी आणलं असतं तर वाचली असती का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि तुम्ही किंवा मी विचारलं नाही. आठवडाही गेला नाही. कृष्णेच्या काठावर तिला पोचवून आपण दोघं परत निघालो.

पुढे माझं लग्न होऊन मी सोलापूरला आले. पहिल्याच उन्हाळ्यात अंगणात ओलं लुगडं वाळत घातलं आणि दुसरं पिळून होतंय तोवर पहिलं कडकडीत. मी तिथेच उभी राहिले. आपल्याकडे लुगडं दोन दिवस दमट राहायचं, मीठ बरणीत पाझरायचं, माठातलं पाणी कधी धड गार होत नसे. इथे माठाचं पाणी दाताला लागतं. पाणी वाळतं तेव्हा गारवा सोडतं, अण्णा. आपल्या हवेतच इतकं पाणी की दुसरं वाळायचं कुठे? डब्यात काहीच बिघडलं नव्हतं. भुसा चांगला होता, फट नव्हती, इंजिनाचा दोष नव्हता. पहिल्या दिवशी होता तसा तो टांगून आपण निघालो असतो, तरी मलकापूरच्या पुढे त्याने तिला तेवढाच गारवा दिला असता. मला हे कळलं तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं होतं. मी पिळलेलं लुगडं तसंच बादलीत टाकलं आणि घरात जाऊन रडले.

तुम्ही तर शेवटपर्यंत, चैत्र आला की डबा काढायचात. "यंदा नीट बसवतो," म्हणायचात. कुणासाठी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तुम्ही असतात तरी हे तुम्हाला कसं सांगायचं? दोष तुमच्या हातांचा नव्हता असं सांगावं, तर फणसाखालचे ते सगळे दिवस फुकट गेले हेही त्याबरोबर सांगावं लागतं. एक काढून दुसरं ठेवता येत नाही. म्हणून हा कागद त्या डब्यातच घालून पुन्हा माळ्यावर ठेवणार आहे.

एक तेवढं राहिलं. परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, "बाय, दोरी ओढ," आणि मी ओढत आले. मागे माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे आईचं दुमडलेलं लुगडं होतं. घाट उतरून साखरप्याजवळ तुमच्या मानेला झळ लागली तेव्हा तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, पान्हा काढलात आणि म्हणालात, "बघतो काय झालंय." मी दगडावर बसून तुमच्याकडे बघत राहिले. पण वारा गरम झाल्याचं मला तुमच्या आधी कळलं होतं, अण्णा, वर घाटातच. मी बोलले नाही. तुम्हाला कळू नये म्हणून मी जोरजोरात दोरी ओढत होते.