बेस्टच्या गॅरेजमधलं पितळ

आइंडहोवन, मार्च २०२१

प्रिय देवदत्तकाका,

तीन शनिवार झाले, मी बेस्ट गावात, तुमच्या गॅरेजकडे फिरकलो नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं, पण दोन ओळींनंतर मी भांडतोय असंच वाटायला लागतं, म्हणून कागद घेतला. आई म्हणते, "नायमेखनचं कॉलेज सोडलंस, आता काकांचं गॅरेजही सोडलंस का?" ते सोडायचं नाहीये मला. पण येऊ की नको, हे तुम्हीच सांगायचंय.

लॉकडाउनमध्ये माझं कॉलेज म्हणजे लॅपटॉपवरचे काळे चौकोन उरले होते. दुसऱ्या वर्षात सगळं फेकलं आणि सायकलवरून किराणा पोचवायला लागलो. भेटेल तो विचारायचा, का सोडलंस? तुम्ही एवढंच म्हणालात, "हात धू आणि आत ये. दीड मीटर तिकडे उभा राहा." तुमचा नेमबाजीचा क्लब बंद होता, आणि तुमच्या त्या म्हाताऱ्या रायफलची काडतुसं आता कोणी बनवत नाही. म्हणून दुसऱ्या मापाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून तिच्या मापाच्या करायच्या. मला वाटलं, खट्‌कन दांडा ओढला की झालं! पहिलीच पुंगळी साच्यात अशी अडकली की मी हातोडी उचलली. तुम्ही ती काढून घेतलीत. "अरे, तिने काय घोडं मारलंय तुझं?"

मग वंगणाचं पार्सल रखडलं, तेव्हा मी हुशारी करून संध्याकाकूंची खोबरेलची बाटली आणली. जानेवारीत, दार उघडं टाकलेल्या गॅरेजमध्ये! तेल गोठून गोळे झाले, साच्यात साचले आणि एकूणएक पुंगळीच्या खांद्याला, मानेखालच्या उताराला, पोचा पडला. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा. तुम्ही एक पुंगळी उजेडात धरलीत, फिरवून फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "वा! असला बिघाड मी जन्मात पाहिला नव्हता." काका, माझ्या चुकीकडे इतक्या कौतुकाने आजवर कोणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे चूक दिसली की आधी आवाज चढतो. माझाही चढतो.

पुंगळ्यांच्या माना तडकायला लागल्या, तेव्हा मी पितळालाच शिव्या घातल्या. तुम्ही मात्र भिंग घेऊन तडा कुठून सुरू झाला ते बघत बसलात. "दाबून दाबून पितळ ताठर होतं रे. मानेला जरा ऊब द्यायची. बुडाला नाही, बूड कडकच हवं. आणि एका दमात नाही, थोडं थोडं दाबायचं." आठवडाभर चिप बनवायच्या मशिनांशी डोकं लावणारा माणूस शनिवारी एका पुंगळीसाठी इतका वेळ काढतो, आणि तिच्यावर एकदाही चिडत नाही! मला ते शिकायचंय. कुठल्याही कॉलेजात मला इतकं काही शिकावंसं वाटलं नव्हतं.

खरं सांगतो, सुरुवातीला मी पितळासाठी येत नव्हतो. तुमची नीरजा मास्क लावून दारात चहा ठेवायची आणि डचमध्ये काहीतरी टोमणा मारून जायची, त्यासाठी यायचो. शेवटी तिला विचारलं. तिने सरळ, नीट शब्दांत नाही म्हटलं. तिचं काहीच चुकलं नाही. मी मात्र रागाने स्वतःचीच सायकल कालव्यात ढकलली आणि मग कुडकुडत तीच बाहेर काढत बसलो. त्यानंतर तुमच्या दारात यायचं तोंड राहिलं नाही. परवा तुमचा फोटो आला. तडकलेली मान, आणि खाली, "ही का तडकली असेल?" काका, ऊब द्यायची राहिली म्हणून. आणि ते तुम्ही कधीच विसरणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे तो प्रश्न मला बोलावण्यासाठीच असावा. म्हणून हे पत्र. तुमच्या घरात मला आता दुसरं काही मागायचं नाही. शनिवारचा तो दीड मीटर लांबचा कोपरा तेवढा माझा राहू द्या. आधी नीरजाला विचारा, तिला चालणार असेल तरच. तुम्ही हो म्हणालात, तर हात धुऊन येतो.

तुमचाच, आता हातोडीला हात न लावणारा,
धवल