तुमच्या नावाखाली माझा आवाज

प्रिय अण्णा,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन आज पाच दिवस झाले. त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर आई म्हणाली, "तो कंप्युटर घेऊन जा बाबा पुण्याला. मला त्याच्याकडं बघवत नाही." म्हणून टेबल आवरायला घेतलं, तर कीबोर्डखाली ते जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. बोललेलं टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत आलेलं. मी ते कधी उघडलंही नव्हतं. तुम्ही मात्र उघडलं होतं. पानापानावर तुमची पेन्सिल आहे. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. हे कुणाला सांगू? तुम्हालाच सांगतो.

तीस वर्षं तुम्ही नाशिकच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलात. वकील गिचमिड लिहिलेले कागद आणून टाकायचे. तुम्ही टाइप करता करता त्यांचं चुकलेलं इंग्रजी गुपचूप सुधारायचात. मी एकदा विचारलं, त्यांना सांगत का नाही? "कशाला? माणसाचा मान राहू द्यावा," म्हणालात. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

मग सांधेवाताने तुमची बोटं वाकडी केली. शर्टाची बटणं आई लावायला लागली. लिंबाखालची जागा गेली, गिऱ्हाईकं गेली. फक्त म्हातारे कुलकर्णी वकील तेवढे म्हणाले, "तुम्ही कसंही टाइप करा, पण काम मी तुम्हालाच देणार." तेवढा एक धागा उरला होता. तो तुटू नये म्हणून तर मी ते सॉफ्टवेअर आणलं. काय रुबाब होता माझा! "आता बोटांची गरजच नाही अण्णा. तुम्ही बोलायचं, ते टाइप करणार."

यंत्राला आधी तुमचा आवाज ओळखीचा करून द्यायचा होता. त्यासाठी पडद्यावरचा इंग्रजी उतारा मोठ्याने वाचायचा. आणि तिथेच गाडी अडली. जन्मभर इंग्रजी तुमच्या बोटांत होतं, जिभेवर कधी आलंच नव्हतं! तुम्ही आईकडून गळ्याचं बटण लावून घेतलंत, घसा खाकरलात आणि पोथी वाचावी तसे सुरात वाचायला लागलात. यंत्र दर ओळीला थांबायचं. तुम्ही पुन्हा वाचायचात. अर्ध्या तासात दोन पानंसुद्धा झाली नाहीत. मी घड्याळ बघत होतो. साडेचारची पुण्याची एशियाड बस गाठायची होती मला.

मी तुमच्या डोक्यावरून तो हेडफोन काढून घेतला. हो, काढूनच घेतला. "द्या इकडे, मी वाचतो. काय फरक पडतो?" यंत्रातल्या आवाजाच्या नोंदीला नाव तुमचंच ठेवलं आणि बारा मिनिटांत सगळा उतारा वाचून टाकला. तुम्ही विचारलंत, "मी न वाचता चालेल?"

"चालेल हो!" कंप्युटरमधला जाणकार ना मी!

नंतर फोनवर विचारायचो, चालतंय का? "चालतंय," म्हणायचात. कसं चालणार होतं, अण्णा? ते माझा आवाज शोधत होतं. तुम्ही एक बोलायचात, पडद्यावर भलतंच उमटायचं. आई सांगते, तुम्ही एका वाकड्या बोटाने ते खोडत बसायचात आणि म्हणायचात, "माझं बोलणंच अशुद्ध आहे." तीस वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी शुद्ध करणारा माणूस! कुलकर्णी वकिलांचे कागद अर्धवट राहिले. दोन महिन्यांनी ते स्वतः येऊन घेऊन गेले.

मग तुम्ही ते पुस्तक वाचलंत. 'दुसऱ्याच्या आवाजावर तयार केलेली नोंद वापरू नये' या अर्थाच्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. शेजारी तुमचं थरथरतं अक्षर: 'विजू आला की.'

आणि पुस्तकाच्या शेवटी तो वाचायचा उतारा छापलाय, त्यातल्या प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर तुम्ही मराठीत उच्चार लिहून ठेवलाय. त्या बोटांनी! एकेक शब्द लिहायला किती वेळ लागला असेल? आई म्हणाली, "रोज अकराला, कोर्टाच्या टायमाला, शर्ट घालून वाचत बसायचे. मी म्हणलं, विजूला सांगा ना, नायतर दुसऱ्या कुणाला बोलवा. तर म्हणे, नको, पोरानं हौसेनं करून दिलंय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं? तो आला की बघू."

मी आलोच नाही. पाच महिने. तुम्ही फोनवर म्हणायचात, "थोडं काम होतं रे तुझ्याशी." मी विचारायचो, काय? "काही नाही, आलास की सांगतो." मला वाटायचं, असेल एखादा फॉर्म भरायचा. श्रावणात त्या सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी आलो. तुम्ही कंप्युटरसमोरच्या खुर्चीतच गेला होतात, अंगात शर्ट होता.

वकिलांच्या चुका झाकल्यात ते ठीक. माझी का झाकलीत? मी काय तुमचं गिऱ्हाईक होतो? "गाढवा, ये आणि नीट करून दे," एवढं एकदा ओरडायला काय झालं होतं? मी आलो असतो. आलो असतो ना अण्णा? रोज स्वतःला विचारतो आणि खात्रीने हो म्हणता येत नाही.

कंप्युटर इथे आणलाय. तुमच्या नावावर क्लिक केलं आणि बोललो. एकही चूक न होता सगळं टाइप झालं. तुमच्या नावाखाली माझा आवाज! ताबडतोब बंद केलं. हे पत्र बोटांनीच टाइप करतोय, तुम्ही शिकवलंत तसं, खाली न बघता.

आत्ताच आईशी बोललो. सगळं बरं आहे म्हणाली. ठेवता ठेवता म्हणाली, "थोडं काम होतं तुझ्याशी. घाई नाय, आलास की सांगते."

अण्णा, तुम्हाला शब्द देतो. उद्या पहाटेच्या पहिल्या गाडीने मी नाशिकला निघतोय. तिचं सगळं सांगून होईपर्यंत परतीची गाडी किती वाजता आहे, हे मी विचारणारसुद्धा नाही.

तुम्ही ज्याची वाट बघितलीत तो,
विजू