सात नंबरचा बिल्ला

१ मे, सकाळी ६
लेक अठराला येते आहे. आठ दिवसांसाठी, तीन वर्षांत पहिल्यांदा. तिच्या आईने फोनवर स्वच्छ सांगितलं, या वेळी रमली तर दर उन्हाळ्यात पाठवीन, कंटाळली तर पुन्हा विषय काढायचा नाही. वेगळी राहायला लागल्यापासून बाई फार मुद्द्याचं बोलते.

लेकीला गेल्या वर्षीच पत्रात कळवलंय की मी तलावावरच्या उन्हाळी अ‍ॅक्टिव्हिटीजचा प्रमुख आहे आणि तिला स्वतः होडी वल्हवत बेटावर नेणार आहे. प्रमुख हा शब्द जरा पुढचा आहे. सध्या मी बोटहाउसच्या खिडकीत बसतो. होडी गेली की तिच्या नंबरचा पितळी बिल्ला लाल फळ्यावर टांगायचा, परतली की हिरव्यावर. दोन तास झाले आणि बिल्ला लालवरच असला तर घंटा वाजवायची, मग रेस्क्यूची लाँच निघते. हेही पत्रात सविस्तर लिहिलंय, मुलांना असलं आवडतं. पाहुण्यांचे रोजचे प्रोग्रॅम खडूने लिहितो तोही मीच.

पोहता येत नाही, एवढीच किरकोळ अडचण. संकल्प: पंधरा तारखेच्या आत पोहायला शिकणे.

३ मे
पाण्यात उतरलो. घोट्यापर्यंत. पाणी इतकं गार असेल हे पोहण्याच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. बाकी पुस्तक चांगलं आहे, चित्रांसकट. संध्याकाळी पलंगावर पालथं पडून हातपाय मारायची प्रॅक्टिस केली. खालून घरमालकीण धावत वर आली, फिट आली की काय म्हणून. एकूण प्रगती.

६ मे
फळ्यावर: पक्षीनिरीक्षण. चार पाहुणे आले. पलीकडच्या काठावरचा दुर्मीळ पांढरा पक्षी दाखवला. वीस मिनिटं सगळे श्वास रोखून बघत होते. मग दुर्बीण आणलेल्या रिटायर्ड शिक्षिकाबाई म्हणाल्या, ही पिशवी आहे. अशी माणसं सुट्टीवर येतातच कशाला? उद्यापासून तलावाकाठी चित्रकला. चित्रात चुकलेलं कुणाला कळत नाही.

१० मे
गुडघे! सात दिवसांत घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत. याच वेगाने गेलो तर गळ्यापर्यंत जूनमध्ये पोचतो. लेक अठराला येते. वेग वाढवायला हवा. पण गुडघ्यांच्या वर पाणी आलं की छातीत धडधडतं आणि हातपाय लटपटतात. हे थंडीमुळे.

१३ मे
पोहणं रद्द. होडीत बसणाऱ्याला पोहायचं कशाला? मुद्दा वल्हवण्याचा आहे. नावाड्याला गाठलं. तीस वर्षं तलावावर आहे, बोलतो कमी, हसतो मनातल्या मनात. त्याने मला सात नंबरमध्ये बसवलं, पण दोर धक्क्याला बांधलेलाच ठेवला. चाळीस मिनिटं जिवाच्या आकांताने वल्हवलं. मग विचारलं, आता सोडायचा का दोर? तर म्हणाला, साहेब, दोर आहे म्हणून तुमचा हात चालला. जळतो, दुसरं काय. गाठ मारायलाही शिकवली. माझी बघून म्हणाला, बुटाला बरी आहे.

१८ मे
आली! बसमधून उतरली तेव्हा मी भलत्याच मुलीची बॅग उचलली. माझ्या खांद्याला लागते आता. बारा वर्षांची झाली. पहिला प्रश्न, बाबा, बेटावर कधी नेणार? म्हटलं, उद्या.

१९ मे
वारा.

२० मे
कंबर धरली.

२१ मे
वारा नाही, कंबरही बरी. सात नंबर रिपेअरला गेली आहे असं सांगितलं. तेवढ्यात सात नंबरमधून एक कुटुंब हसतखेळत परत आलं. लेकीने उठून बिल्ला स्वतःच हिरव्या फळ्यावर लावला.

२२ मे
चित्रकलेला एकटी लेक हजर. तिने धक्का काढला, बेट काढलं, मध्ये नुसतं पाणी. संध्याकाळी जिन्यात आईशी फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हतो, दार उघडं होतं. म्हणत होती, छान आहे, बाबाला काम खूप असतं ना, मी कंटाळले नाहीये. कंटाळले नाहीये हे तीनदा म्हणाली. एकदाच म्हणाली असती तर मला झोप लागली असती.

ही गेली की पुन्हा येणार नाही. काहीतरी केलंच पाहिजे. एक प्लॅन सुचलाय. बिनचूक आहे.

२३ मे, सकाळी ७, बोटहाउसच्या कोठीत
लेकीच्या उशाशी चिठ्ठी ठेवली: सात नंबर घेऊन बेटाची पाहणी करायला जातोय, सुरक्षित असलं तर तुला नेईन. सात नंबरचा बिल्ला लाल फळ्यावर टांगला. होडी पाणगवतात लपवली, गाठ पक्की मारली. आता लाइफ जॅकेटांच्या ढिगावर बसलोय. नऊच्या आत बाहेर पडायचं आणि सांगायचं की बेटावर साप फार, मुलांना मनाई. बाप शूर, मुलगी सुखरूप, कपडे कोरडे.

७.४०
नावाडी जाता जाता कोठीला बाहेरून कडी घालून गेला. शिस्तीचा माणूस. हाक मारली असती, पण मी बेटावर आहे.

८.३०
टोपी सापडत नाही. बहुतेक होडीत राहिली.

९.००
घंटा! कुणाची तरी होडी अडकली वाटतं, आणि नेमका मी जागेवर नाही. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. पण घंटा वाजवली कुणी? दोन तासांचा नियम मी आणि नावाडी सोडून कुणाला

लेकीला माहीत आहे. मीच लिहिलं होतं.

९.१५
दार बडवतोय, घंटेपुढे कुणाला ऐकू जात नाही. फटीतून दिसतंय. सात नंबर तलावाच्या मधोमध, रिकामी. लाँच निघाली. लाँचच्या टोकाला पिवळं जॅकेट घातलेली माझी पोर, पाण्याला हाका मारतेय, बाबा, बाबा. मी इथे आहे. अगं, मी इथे आहे. मी कोरडा आहे.

दुपारी ३
जादा जॅकेट शोधत दुर्बीणवाल्या बाई कोठीकडे आल्या, म्हणून सुटलो. मला बघून म्हणाल्या, ही कुठली दुर्मीळ जात? काठावर अख्खं गाव. लाँच परतली. लेकीच्या हातात माझी टोपी. तिने ती माझ्या छातीवर फेकून मारली, मग मला घट्ट धरून हमसून हमसून रडली. मीही रडलो, सगळ्यांदेखत. हे थंडीमुळे नव्हतं.

शेवटी सांगून टाकलं, मला पाण्याची भीती वाटते. ती म्हणाली, माहितीये, आईने सांगितलं होतं. म्हणून ती वर्षभर शाळा सुटल्यावर पोहायला शिकली. बेटावर जाताना होडी उलटली तर बाबाला ओढून आणता यावं म्हणून.



२४ मे
आज फळ्यावर तिचं अक्षर: पोहणे, नवशिक्यांसाठी. शिक्षिका: वय बारा. नोंदणी: एक.

तिचा हात धरून कंबरेपर्यंत गेलो. दोनदा किंचाळलो. नावाडी म्हणतो, सीझनमध्ये इतकी गर्दी एकाही प्रोग्रॅमला झाली नव्हती.

२६ मे
गेली. बेट राहिलंच. बसच्या खिडकीतून म्हणाली, पुढच्या वर्षी मी वल्हवते, तू नुसता बस. तोवर रोज पाण्यात उतरायचं आणि कुठपर्यंत गेलास ते कार्डावर लिहून पाठवायचं. थापा नाहीत. मी म्हटलं, थापा मी कधी मारतो?

संकल्प: जूनअखेर गळ्यापर्यंत.

२७ मे, सकाळी ६
एकटाच उतरलो. वर येऊन कार्ड लिहायला घेतलं. लिहिलं, गळा. खोडलं. छाती लिहिलं, खोडलं. कंबर लिहून बराच वेळ बघत बसलो, मग कार्ड फाडलं.

दुसरं घेतलं. लिहिलं: घोटे.