तिप्पण्णाचं पॅकेज

सोमवार, ६ जानेवारी

सगळ्यात आधी आली ती तळमजल्यावरची जमीला; माझी पिशवी अजून जिन्यातच होती. शिलाई टाकून आलेली, गळ्यात टेप तसाच लोंबत. म्हणाली, तुमीच का त्या वळसंगच्या आजी, हुरडा पाठवणाऱ्या? मी म्हटलं, व्हय बाई, मीच बनाबाई, आणि यंदा हुरड्याबरोबर सोताच आलेय राहायला. मग तिनं पायरीवर बसूनच सांगून टाकलं की तिसऱ्या मजल्यावरची सून माहेरी जाऊन बसलीय, कारण सासू फ्रिजला कुलूप लावते. आणि तुमची नात म्हणे तीन तीन दिवस दाराबाहेर पडत नाही. मला लई आवडली ही जमीला.

नात म्हणजे दिपाली. तिचे आईबाप एकाच दिवशी गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती, पुढं मीच वाढवली. आता सोलापुरात दोन खोल्या घेतल्यात, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. म्हणाली, म्हातारे, शेळ्या राखणं पुरे, माझ्याजवळ ये. ही वहीसुद्धा तिनंच दिली. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही शेळ्या आजारी नसतील त्या दिवशी. म्हटलं, काय लिहू? तर म्हणते, बोलतेस तसंच लिही, तेवढीच माझ्या कानांना सुट्टी.

बुधवार, ८ जानेवारी

आज विचारलंच, तू दिवसभर करतेस तरी काय. म्हणाली, आजी, भाकरीला पीठ लागतं, पिठाला गिरणी, गिरणीला पट्टा. पट्टा तुटला की भाकरी बंद. कॉम्प्युटरमध्येही एक वस्तू दुसरीवर टेकलेली असते. अशा वस्तू नीट बांधून जगभर पाठवतात, त्यांना पॅकेज म्हणतात. त्यातली पट्ट्यासारखी, दुसऱ्यांच्या खाली राहणारी जी असतात, ती लायब्ररी. प्रत्येकाला एक सांभाळणारा असतो आणि त्याचं नाव वर लिहिलेलं असतं. नवी आवृत्ती आली की त्यानं तपासायची, तिला आणखी काय काय लागतं ती यादी बघायची आणि सही करून पुढं धाडायची. ही कॉम्प्युटरची सही कुणाला खोटी करता येत नाही म्हणे. माझी तर मलाच दोनदा सारखी जमत नाही.

हे काम ती पगाराच्या वर, आपल्या हौसेनं करते. म्हणजे आमच्या गावची विहीर उपसण्यासारखंच झालं. पाणी सगळे पितात आणि उतरतो एकटाच. पोरगी माझ्यावर गेलीय. संध्याकाळी शेंगा भाजल्या, तिनं अर्ध्या माझ्या आधी संपवल्या.

शुक्रवार, १० जानेवारी

तिच्या पडद्यावर एका पॅकेजपुढं लाल अक्षरं होती. काय लिहिलंय म्हटलं, तर म्हणाली, अनाथ. सांभाळणारा तिप्पण्णा नावाचा, मैंदर्गीचा, आपल्याकडचाच पोरगा. दोन वर्षांमागं वारला. आठवड्यात कुणी नाव दिलं नाही तर काढून टाकणार, आणि त्याच्यावर टेकलेली चाळीस पॅकेजंही पडणार. मग तू घे की, म्हटलं. ती म्हणाली, नको वाटतं आजी. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याच्या सहीनं नव्या आवृत्त्या अजून येताहेत.

मी म्हटलं, घरचं कुणीतरी चालवत असेल. अनाथ दारात आल्यावर परत धाडत नसतात. तुला घेताना मी मागंपुढं बघितलं होतं का?

तिनं आपलं नाव घातलं. मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि साखर ठेवली, घरात लेकरू आल्यासारखं. ती हसली, पण कुंकू पुसलं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, भोगीची भाजी, लोणी. घाईत भाजीत मीठ दोनदा पडलं, मला घास उतरेना. दिपालीनं मात्र ताट चाटूनपुसून खाल्लं. खारट नाही का म्हटलं, तर विचारात पडली. मग हळूच म्हणाली की सकाळपासून कशालाच चव लागत नाहीय.

दुपारी तिनं तिप्पण्णाच्या पॅकेजची यादी दाखवली. सकाळी नवी आवृत्ती आली, त्यात काय लागतं त्याखाली एक ओळ वाढलेली. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपला. चव. ती म्हणाली, हे लोक गमतीगमतीची नावं ठेवतात. मग आवृत्ती कशाला धाडलीस पुढं, म्हटलं, तर सही बरोबर होती म्हणाली.

बुधवार, १५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेला जायचं ठरलं होतं, पण पाहुणे आले. तिप्पण्णाचे आईवडील, सुंदरम्मा आणि भीमाशंकर. दिपालीनं त्याच्या पत्त्यावर दोन ओळी टाकल्या होत्या, त्या वाचून आले. पोराचा कॉम्प्युटर त्यांनी दोन वर्षांत बंद केलेला नाही. रोज सकाळी पुसतात, हार घालतात. माझ्यासारखंच की.

सुंदरम्मानं शेंगाचटणी आणली होती. मी म्हटलं, लई तिखट हाय वो. ती म्हणाली, माझ्या तिप्पूला अशीच लागायची, पाण्याबिगर खायचा. दोघी हसलो. मग ती दिपालीचे हात धरून बसली. म्हणाली, त्याचं हे काम बंद करू नको ग अव्वा. हे हलतंय तंवर आमचं पोरगं कुटंतरी हाय. भीमाशंकर खाली बघून म्हणाला की शेवटी शेवटी पोराला जेवण गोड लागेना, बोलणं बंद झालं, मग आम्हालाच कोण तुम्ही म्हणायला लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

माझ्या हातातला चहा गार झाला. जाताना म्हणाले, पुन्हा येऊ.

शुक्रवार, १७ जानेवारी

दिपालीचा आवाज गेला. घसा दुखत नाही, ताप नाही. तोंड उघडते आणि नुसता वारा येतो. डॉक्टर गुळण्या करा म्हणाले. यादीत ओळ आलीय — आवाज. तिनं मला बोटानं दाखवली, शब्द लिहून दिला.

कागदावर लिहून बोलतोय. मी म्हटलं, टाकून दे ते पॅकेज. तिनं लिहिलं, चाळीस पडतील, त्यातली काही दवाखान्यांतल्या यंत्रांत आहेत, दुसरं कुणी भेटेपर्यंत थांब.

दुपारी सुंदरम्माचा फोन. रडत होती, पण आनंदानं. म्हणाली, तिप्पूनं हाक मारली वो, त्या कॉम्प्युटरातनं. चटणीत मीठ कमी हाय म्हणाला. आवाज तेवढा बारीक झालाय, पोरीवानी.

फोन ठेवला तरी माझा हात कानाशीच होता.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी चहा घेऊन गेले. दिपाली उठून उभी राहिली, पदर नसताना सावरल्यासारखं केलं, मला खुर्ची दिली. कागदावर लिहिलं —

आपल्याला कोण पाहिजे?

मी म्हटलं, अगं मी आजी. ती अदबीनं हसली. पाहुण्याला हसतात तसं.

यादी बघितली नाही. बघायला लागलीच नाही. जमीला म्हणाली मोठ्या डॉक्टरकडं नेऊ, मी येते संगं. दिपाली खुर्ची सोडत नाही. जमीलानं दंडाला धरलं तर पोरीची बोटं कॉम्प्युटरच्या कळांवर चालूच.

सुंदरम्माचा फोन आला. तिप्पू विचारतो म्हणे, माझी आजी कशी हाय. त्याची आजी तर तो जन्मायच्या आधीच गेलेली. सुंदरम्माला त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

ठरवलं, आज हे काढायचं. चाळीस पडू देत. देवा, दवाखान्यातली माणसं माझ्या माथी, पण माझी पोर —

तिला हात जोडून सांगितलं, बाई, हे एवढं काढून टाक. अनोळखी म्हातारीचं ऐकावं तसं तिनं ऐकलं. मशीन आधी विचारतं. याच्यावर टेकलेलं सगळं याच्याबरोबर जाईल, जाऊ देऊ? खाली नावं. तिनं एकेक कागदावर उतरवून दिली, मला वाचता यावीत म्हणून. चाळीस मोजली.

एकेचाळिसावं दिपाली.

तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि तिला काहीच वाटलं नाही. बोट कळेवर होतं. मी मनगट धरलं. जोरात धरलं, वळ उठलाय. नको म्हटलं. नाही म्हण त्याला. नाही म्हण.

मीच म्हटलं होतं, घे. मीच.

बुधवार, २२ जानेवारी

एका पॅकेजला दोघं सांभाळणारे चालतात, असं तिनं मागं सांगितलं होतं. भार वाटला जातो. तिच्याकडून माझं नाव घालून घेतलं. बनाबाई, वळसंग. माझं काय नेशील, ने. म्हातारीकडं हाय काय.

वाटलं, उजाडेपर्यंत तरी ती आजी म्हणून ओळखेल —

तिचं नाव काढलं नाही त्यानं. माझं फक्त खाली जोडलं.

गुरुवार, २३ जानेवारी

यादीत तीन ओळी, आता आपल्याच अक्षरांत. हात. चालणं. तिसरी वाचता येईना — अक्षर ओळखीचं, पण —

दिपाली बसलीय. हात मांडीवर, पालथे. पाणी मी पाजते.

जमीला आली. तिचं नाव मागच्या पानावर बघून लिहिलं.

शुक्र

वही उघडली. पहिलं पान माझंच ना. हुरडा — म्हणजे काय —

ती दोघं येऊन गेली. बाई आणि बुवा. लई खूश. त्यांचं पोरगं म्हणालं म्हणे, आता चालवतंय मला. खुर्चीवरल्या पोरीच्या अंगावर सुतळीनं माप घेतलं. खांदे बघितले. बाई म्हणाली, त्याचे कपडे पेटीत जपून ठेवलेत, थोडे सैल होतील.

मी दार लावलं. कडी कुठल्या बाजूला —

पुन्हा येतो म्हणाले. कपडे घेऊन. वार सांगितला. दोनदा सांगितला, मी लिहून घेते म्हटलं, विसरायच्या आत. शनि झाला की र — रवि नव्हे — त्याच्या पुढचा — सो